वहीतले अडुसष्ट ठोके

कारखान्यात तिला सगळे 'फूटपट्टी' म्हणत. तोंडावर नाही, पाठीमागे. पण तिला ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर मनातल्या मनात आवडतही होतं. बुटांचं वरचं कातडं सोलाला हातानं शिवण्यात तिची वीस वर्षं गेली, आणि नंतरची दहा दुसऱ्यांनी घातलेली शिलाई तपासण्यात. एका इंचात आठ टाके. सात निघाले तर जोड परत, नऊ निघाले तरी परत. कुणी कुरकुरलं, "बाई, एका टाक्यानं काय आभाळ कोसळणार आहे?" तर ती चष्म्यावरून बघत म्हणायची, "आभाळ नाही, सोल निघतो." तिची मोजणी चुकली असं तीस वर्षांत कुणाच्या बापाला दाखवून देता आलं नव्हतं.

नवरा तिच्या अगदी उलट. लिफ्ट दुरुस्त करणारा गडी, बोलका, हसरा, हातात पाना आणि तोंडात गाणं. उभं आयुष्य लोकांना वरखाली पोचवलं आणि स्वतः मात्र तिसऱ्या मजल्यावर, बिनलिफ्टच्या इमारतीत संसार केला. "हलवायाच्या घरी गोड कुठलं?" असं तो जिना चढताना हटकून म्हणायचा, आणि ती हटकून म्हणायची, "पुरे, चढा आता." निवृत्त होऊन वर्ष झालं नाही तोच त्याच्या काळजानं भलतीच चाल धरली. बसल्या जागी छाती धडधडायची, मध्येच दोन ठोके गाळायची, पुन्हा सुटायची.

डॉक्टर तरुण होते, पण समजावून सांगणारे. म्हणाले, "ही गोळी म्हणजे ब्रेक समजा. कमी लागला तर गाडी सुटते, जास्त लागला तर उभी राहते."

"लिफ्टसारखंच की," नवरा म्हणाला.

"अगदी तसंच. म्हणून रोज सकाळी गोळीच्या आधी नाडी मोजायची. पूर्ण एक मिनिट. पन्नासच्या खाली गेली तर गोळी द्यायची नाही आणि लगेच आम्हाला फोन करायचा. हे फार महत्त्वाचं आहे. कोण मोजेल घरी?"

"हे काय विचारणं झालं?" नवरा तिच्याकडे बोट दाखवून म्हणाला. "फूटपट्टी आहे ना घरात."

इस्पितळातून निघताना घोगऱ्या आवाजाच्या एका नर्सनं दाखवलं. मनगटाच्या आतल्या बाजूला अशी दोन बोटं ठेवायची, हलकं दाबायचं, घड्याळाकडे बघत मोजायचं. तिच्या मागे चार पेशंट खोळंबले होते. बाईनं मान डोलावली. मोजायला शिकवतायत, आणि तेही कुणाला, असं तिच्या मनात आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला स्वयंपाकघरातल्या टेबलावर नवऱ्यानं हात उताणा ठेवला. शेजारी कोरी वही, पेन, भिंतीवरचं घड्याळ समोर. तिनं दोन बोटं मनगटावर ठेवली. काहीच लागेना. जरा वर सरकवली, जरा खाली, दाबून पाहिलं, सैल सोडून पाहिलं. शुकशुकाट.

"गेलो का काय मी?" नवरा म्हणाला.

"गप्प बसा. भलतंसलतं बोलू नका सकाळी सकाळी."

गोष्ट साधी होती. वीस वर्षं सुई आणि मेणाचा दोरा ओढून तिच्या बोटांच्या टोकांना घट्टे पडले होते. चहाचा कप गरम की गार हेसुद्धा त्या बोटांना उशिरा कळायचं. अंगठा तेवढा वाचला होता, कारण कारखान्यात दोऱ्यानं कापू नये म्हणून अंगठ्याला कातड्याची टोपी घालायची पद्धत होती. तपासणीला बसल्यावर टोपी काढून त्याच अंगठ्यानं ती कातडं चाचपायची. कुठे पातळ, कुठे सुरकुती, सगळं त्याला कळायचं. घरादारात तिचा सगळ्यात भरवशाचा माणूस म्हणजे तो अंगठा.

तिनं अंगठा ठेवला. लगेच लागली. स्पष्ट, ठसठशीत, एकामागून एक. ती घड्याळावर नजर रोवून मोजत राहिली आणि मिनिट भरल्यावर तिनं वहीत तारीख घालून लिहिलं: अडुसष्ट. मग गोळी दिली.

तीन आठवडे असेच गेले. अडुसष्ट, सत्तर, सहासष्ट, अडुसष्ट. वही घेऊन दोघं तपासणीला गेली. तिथल्या यंत्रावर नाडी अठ्ठावन्न आली. डॉक्टरांनी वही चाळली, म्हणाले, "थोडंफार मागेपुढे होतंच. वही मात्र छान ठेवलीय. असे नातेवाईक सगळ्यांना मिळोत." धडधड अजून पुरती थांबली नव्हती, मधूनमधून डोकं वर काढत होती. नाडी अजून खाली यायला जागा आहे असं वहीवरून दिसत होतं, म्हणून त्यांनी गोळी वाढवली. आता सकाळी एक आणि संध्याकाळी एक. दोन महिन्यांनी पुन्हा या. "पन्नासच्या खाली गेली तर मात्र—"

"माहीत आहे मला," बाई म्हणाली. घरी येताना रस्ताभर ती खूश होती. नातेवाईकांचं कौतुक करणारा डॉक्टर तिनं पहिल्यांदाच पाहिला होता.

धडधड थांबली. पण तिच्याबरोबर बाकीही बरंच काही थांबायला लागलं. गाणं आधी गेलं. मग सकाळी तो पलंगाच्या काठावर एक मोजा हातात घेऊन बसलेला दिसायचा. ती चहा टाकून यायची, भांडी घासून यायची, तरी मोजा हातातच. पाय बर्फासारखे गार. वर्तमानपत्र उघडायचा आणि पहिल्याच पानावर मान टाकायचा. जिना चढताना आधी तिसऱ्या मजल्याखाली थांबायचा, मग दुसऱ्यावर बसायला लागला. 'हलवायाच्या घरी' वगैरे तर कधीच बंद झालं. म्हणायला श्वास लागतो.

आणि बाईची जीभ. ती काही निवृत्त झाली नव्हती. तिला बसलेला माणूस बघवत नसे. कारखान्यात बसलेला माणूस म्हणजे पडून राहिलेले जोड.

"आळस हाही रोगच आहे," ती म्हणायची. "फक्त त्याला गोळी निघालेली नाही."

"अगं, आळस नाही. आतून कुणीतरी वीज कापल्यासारखं वाटतं."

"वीज? हे बघा." ती वही त्याच्या नाकासमोर धरायची. "काल सत्तर, आज अडुसष्ट. तुमचं काळीज माझ्याइतकंच ठणठणीत चाललंय. मी नाही का सकाळपासून पायाला भिंगरी लावून फिरत?"

तो वहीकडे बघायचा. तिच्या सरळ, टपोऱ्या अक्षरातले ते आकडे. मग मान हलवून मोजा चढवायला घ्यायचा. वहीशी वाद घालायचा कसा?

लेक दूर दुसऱ्या शहरात होती. फोनवर बापाचा आवाज ऐकून ती चरकली आणि चार दिवसांत तिनं एक छोटं यंत्र पाठवलं. चिमट्यासारखं बोटाला लावायचं, लगेच आकडा दिसतो. बाईनं लावलं. एक्केचाळीस. तिनं यंत्र काढलं, झटकलं, अंगठ्यानं नाडी मोजली. एकोणसत्तर. पुन्हा यंत्र लावलं. चाळीस.

"खेळणं पाठवलंयस," तिनं लेकीला फोनवर सांगितलं. "सरळ तीस ठोके खातंय."

"आई, एकदा डॉक्टरांना विचार ना. विचारायला काय जातं?"

"काय विचारू? मनगट माझ्या हातात, घड्याळ माझ्या समोर. हातच्या काकणाला आरसा कशाला?"

लेकीनं बापाला फोन द्यायला सांगितलं. बाप थकल्या आवाजात म्हणाला, "बाळा, तुझ्या आईनं तीस वर्षांत चुकीचा टाका पास केलेला नाही. यंत्रं मी आयुष्यभर उघडली आहेत. यंत्राचं काय सांगतेस मला?" आणि फोन परत दिला. यंत्र संपलेल्या बॅटऱ्या आणि जुन्या किल्ल्यांच्या खणात गेलं. बाईला त्या दिवशी नवऱ्याचा फार अभिमान वाटला, आणि तो तिनं त्याला बोलून दाखवला नाही. कधीच दाखवत नसे.

तो दिवस गुरुवारचा. सकाळपासून तिचं डोकं फिरलं होतं. पाणी उशिरा आलं होतं, दूध उतू गेलं होतं, आणि हा माणूस अजून पलंगावरच. तिनं त्याला टेबलाशी आणून बसवलं, अंगठा ठेवला. शहात्तर.

"शहात्तर! घोड्यासारखं चाललंय. घ्या गोळी. आणि खाली जाऊन ब्रेड आणि बटाटे घेऊन या."

"आज नको गं. आज खरंच नको वाटतंय."

"आज नको, उद्या नको, परवा तर नाहीच नाही. तीन मजले उतरायला काय डोंगर खणायचाय? मी मेल्यावर कोण आणणार आहे तुमचे बटाटे?"

त्यानं तिच्याकडे पाहिलं. रागानं नाही. शाळेत गृहपाठ न केलेलं मूल बघतं तसं. मग खुंटीवरची पिशवी काढली, चप्पल पायात सरकवायला बराच वेळ लावला, आणि गेला.

अर्धा तास झाला. पाऊण तास झाला. गप्पा मारत बसले असतील दुकानात, असं पुटपुटत तिनं ओटा पुसला. तेवढ्यात खालच्या मजल्यावरची शेजारीण धापा टाकत आली. "अहो, लवकर या. तुमचे हे जिन्यात बसलेत आणि बोलत नाहीत."

दुसऱ्या मजल्याच्या कठड्याला टेकून तो बसला होता. पिशवी मांडीवर नीट धरलेली, ओठ राखेसारखे. डोळे उघडे होते आणि तिला बघून त्यानं काहीतरी म्हणायचा प्रयत्न केला. बहुतेक 'आणले' असं.

इस्पितळात त्याच्या छातीला तारा लावल्या आणि पडद्यावर आकडा आला. एकोणतीस. तीच घोगऱ्या आवाजाची नर्स होती. तिचे हात भराभर चालत होते आणि तोंडही.

"सकाळची गोळी दिलीत?"

"दिली ना. नाडी चांगली होती. शहात्तर."

नर्सचे हात थांबले. "किती?"

"शहात्तर. हे बघा." गडबडीतही बाईनं वही आणली होती. तिच्या दृष्टीनं ती वही म्हणजे तिची साक्ष होती. "रोजची आहे. एक दिवस चुकला नाही. साडेअकरा आठवडे."

डॉक्टरांनी नवऱ्याचा ताबा घेतला, पडदा ओढला गेला, आत धावपळ सुरू झाली. नर्सनं बाईला बाहेरच्या रिकाम्या खाटेशी नेलं आणि आपला हात पुढे केला. "कशी मोजता, दाखवा मला."

बाईनं तिच्या मनगटावर अंगठा ठेवला.

नर्सनं बाईचा हात अलगद उचलला आणि खाटेच्या लोखंडी दांडीवर नेऊन ठेवला. "आता इथे दाबा. अंगठाच. जरा जोरात."

बाईनं दाबला. आधी काही नाही. मग गार लोखंडातून एक ठोका आला. मग दुसरा. स्पष्ट, ठसठशीत, एकामागून एक. तीच ओळखीची नाडी, जी ती रोज सकाळी सातला मोजत होती.

"अंगठ्यात आपली स्वतःची नाडी उडते, बाई," नर्स म्हणाली. "म्हणून दोन बोटं ठेवायला सांगतो आम्ही. अंगठा नाही चालत." आणि मग, "मी तेव्हा तुमच्याकडून करून घ्यायला हवं होतं. घाई होती."

बाई त्या दांडीवरचा अंगठा काढेना. ती मोजतच राहिली, कारण मोजणं सुरू केलं की मिनिट पुरं होईपर्यंत थांबायचं नाही हे तिच्या हाडीमाशी खिळलेलं होतं. लोखंडाची नाडी अठ्ठ्याण्णव भरली.

मग ती बाकावर बसली आणि तिनं वही पहिल्या पानापासून वाचली. पहिल्या दिवशी अडुसष्ट. लेकीशी वाद झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी चौऱ्याहत्तर. ताप येऊन गेला तेव्हा ब्याऐंशी, आणि ताप तिला आला होता, त्याला नाही. हे तिच्या तेव्हा लक्षात कसं आलं नाही? काखेत कळसा म्हणतात तो हाच. मोजणी चुकली नव्हती. एक ठोका इकडचा तिकडे नव्हता. साडेअकरा आठवडे तिनं स्वतःचं काळीज बिनचूक मोजलं होतं, आणि त्या आकड्यांच्या भरवशावर समोरच्या माणसाला रोज ब्रेक लावला होता. वर त्याला आळशी म्हटलं होतं. हे शेवटचं तिला गिळता येईना.

डॉक्टरांनी सांगितलं ते तिनं उभ्यानंच ऐकलं. गोळी बंद केली आहे, पण ती शरीरातून उतरायला वेळ घेते. तोवर आत तार घालून विजेच्या ठोक्यांवर काळीज चालवतोय. काळीज चालेल. पण इतके दिवस अंगात रक्त पुरेसं फिरलं नाही, त्यामुळे मूत्रपिंडं बसली आहेत आणि छातीत पाणी धरलंय. मूत्रपिंडं उठली तर काळजाला ठोके देणारं कायमचं यंत्र बसवू. "आमचंही चुकलं," डॉक्टर म्हणाले. "आमच्या यंत्राचा आकडा आणि वहीचा आकडा जुळत नव्हता. तिथेच थांबायला हवं होतं." बाईला त्यानं काही बरं वाटलं नाही. दोघांची चूक झाली म्हणून कुणाची अर्धी होत नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी तो जरा शुद्धीवर होता. नाकाला नळी, चेहरा सुजलेला. तिनं खुर्ची जवळ ओढली आणि सगळं सांगून टाकलं. अंगठा, घट्टे, लोखंडी दांडी, सगळं. एकदाही न थांबता, एखाद्यानं परत आलेला माल कबूल करावा तसं.

त्यानं मान तिच्याकडे वळवली. मग हळूहळू म्हणाला, "म्हणजे अडुसष्ट तुझे होते?"

"हो."

"तब्येत चांगली आहे की तुझी."

"हसू नका हो," ती म्हणाली आणि तिला रडू फुटलं. लग्नाच्या चाळीस वर्षांत तिनं त्याच्यासमोर असं हमसून रडल्याचं दोघांनाही आठवत नव्हतं.

"नाही हसत." त्याला दम लागला, त्यानं डोळे मिटले, पुन्हा उघडले. "मला एकच वाटायचं गं. वही म्हणते सगळं चांगलं आहे. म्हणजे मीच वाईट आहे. म्हातारपणी मन मेलं माझं, असं वाटायचं. तुला कसं सांगू याची लाज वाटायची."

यापेक्षा त्यानं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"म्हणजे मन मेलं नव्हतं," तो म्हणाला. त्याला त्याचं खरंच हायसं वाटलं होतं, आणि ते बघणं तिच्यानं होईना. थोड्या वेळानं त्यानं चादरीवर हात उताणा ठेवला. "सवय लागलीय. सकाळी चुकल्यासारखं वाटतं."

तिनं दोन्ही हातांनी तो हात धरला. मोजला नाही.

मूत्रपिंडं उठली नाहीत. लेक चौथ्या दिवशी येऊन पोचली, बापाशी दोन शब्द बोलली. पाचव्या दिवशी दुपारी, लेक खाली औषधं आणायला गेली असताना, पडद्यावरचे आकडे एकेक करून उतरायला लागले. डॉक्टर आले, त्यांनी जे करायचं ते केलं, आणि मग सगळ्यांचेच हात सावकाश झाले. घोगऱ्या आवाजाच्या नर्सनं यंत्राचं बटण बंद केलं. खोलीत अचानक फार शांत वाटलं.

"बाई, गेले ते," नर्स म्हणाली. "हात सोडा आता."

"थांबा."

तिचा अंगठा त्याच्या मनगटावर होता. समोर भिंतीवर घड्याळ होतं. नाडी लागत होती, जोरात, धावत. ती कुणाची हे आता तिला सांगायला कुणी नको होतं. तरी ती मोजत राहिली. नर्स बाजूला उभी राहिली, तिनं घाई केली नाही. काटा फिरून जागेवर आला.

"एकशे चार," बाई म्हणाली.

मग तिनं अंगठा उचलला आणि त्या जागी दोन बोटं ठेवली, शिकवली होती तशी, हलकी दाबून. पहिल्या दिवशी टेबलावर ठेवली होती अगदी तशीच. काहीच लागलं नाही. तिनं जरा वर सरकवली, जरा खाली. शुकशुकाट. त्या दिवशी बोटांनी खोटं सांगितलं होतं. आज बोटं बरोबर होती.